आईच्या गुडघ्यातलं कबूतर

चार नंबरच्या हेडची सुई मोडली तेव्हा चिमटीचं स्वतःचं हेड आधीच फिरलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी मामाने सांगितलं होतं, तेही चहा गाळता गाळता, साखर संपली असं सांगावं तसं – मशीन विकली, एका उशा शिवणाऱ्या बाईला. शनिवारी नेतील. त्याचे गुडघे आता दोन जिने चढत नव्हते, मुलगा कधीपासून बोलावत होता, सगळं बरोबर होतं. पण कप हातात देता देता तो म्हणाला, कॉम्प्युटरपण मशीनबरोबरच जाणार.

"कॉम्प्युटर कशाला?"

"डिझाइनं त्याच्यातच आहेत ना. नुसती मशीन घेऊन ती बाई काय करेल, हवा खाईल?"

तेव्हा चिमटीच्या पोटात जो गोळा आला, तो रात्रभर तिथेच ठाण मांडून बसला होता.

मशीन भरतकामाची. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब, सहा हेडची. एका दमात सहा कपड्यांवर एकच चित्र शिवायची. पण मशीनला काय कळतंय चित्र. प्रत्येक टाका कुठे पडायचा, दोरा कुठे तुटायचा, ते आधी कॉम्प्युटरवर बसवून द्यावं लागतं. ते काम चिमटीचं. चिमटी हे काही तिचं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि बोलायला झोंबणारी, म्हणून धागे कापणाऱ्या मावशीने ठेवलेलं. चिकटलं ते चिकटलंच.

तर सुई मोडली, मेकॅनिकला फोन गेला, आणि बऱ्याच वेळाने दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. निळा शर्ट, पाठीला सॅक, दोन जिन्यांनी दमलेला.

"आलात? आम्हाला वाटलं पुढच्या जन्मीच येताय," चिमटी म्हणाली आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर कोंबला. "चार नंबर. खालून बघा, आवाजपण येतोय."

तो काहीतरी सांगायला गेला. ती म्हणाली, आधी बघा, मग बोला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, सॅक काढून ठेवली, आणि मुकाट्याने मशीनखाली सरकला. बाहेर नुसते पाय राहिले. खालून खुडबुड ऐकू येत होती, पण जरा जास्तच हळू… मावशीने वाकून पाहिलं आणि चिमटीला खूण केली. स्क्रूड्रायव्हर उलटा धरलाय.

"तुम्ही नक्की मेकॅनिकच ना?"

"नाही," खालून आवाज आला. "मी कॉम्प्युटरवाला. शनिवारी जे न्यायचंय ते आधी लावून घ्यायला बाईंनी पाठवलंय. पण तुम्ही इतक्या तापलेल्या होतात… म्हटलं बघावं, जमलं तर जमलं."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत चार-पाच रंगांचे दोरे अडकले होते. मावशी तोंडावर हात धरून हसत होती. चिमटीलाही हसू यायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात एकच घंटा वाजत होती. कॉम्प्युटरवाला. म्हणजे हाच तो.

*

कॉम्प्युटर एकच, म्हणून ठरलं असं – सकाळी चिमटीने दुकानाची शेवटची ऑर्डर करायची, पोहण्याच्या क्लबचे टॉवेल होते. आणि जेवणानंतर तो बसणार. ती शेजारी, कारण तिच्याशिवाय आतलं काही कुणाला सापडणारं नव्हतं.

पहिल्याच दुपारी त्याने स्क्रीनवर दोन फोल्डर काढले. एकाला नाव दिलं 'काम', दुसऱ्याला 'घर'. बाईंची अट त्याने नीट समजावून सांगितली. प्रत्येक डिझाइन गिऱ्हाइकाच्या नावाने लावून पाहिजे. जे चिमटीचं घरचं असेल ते तिने खुशाल काढून न्यावं, इथून ते पुसलं जाईल. मात्र शनिवारी कॉम्प्युटर जिना उतरला की आत जे राहील ते बाईंचं.

"आणि जे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, त्याचं काय?" चिमटीने विचारलं.

त्याने जरा विचार केला आणि तिसरा फोल्डर काढला. 'बघू'.

"पण हा शनिवारपर्यंत रिकामा व्हायला हवा," तो म्हणाला. "बघू म्हणून ठेवलेलं कुणी कधी बघत नाही."

मावशीने त्याच दिवशी त्याचं बारसं केलं. फोल्डरराव.

फोल्डररावाने बाह्या सरसावून पहिली फाइल पाहिली आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. फाइलचं नाव होतं 'मामा घोरतोय'. खाली 'डोकं दुखतंय'. त्याच्याखाली 'लाइट गेली परत केलं', 'मावशी रडली', 'चप्पल तुटली'. त्यांच्या मधेमधे घरचं वीजबिल, आईचे एक्सरे, मामेबहिणीच्या सहलीचे फोटो, अर्धवट उतरलेली गाणी. वरपासून खालपर्यंत सगळी खिचडीच.

"हे… काय आहे?"

"फाइली."

"मला हॉटेलच्या टॉवेलचं डिझाइन हवं असेल तर?"

"'मामा घोरतोय.'" चिमटीने क्षणभरही विचार केला नाही. "ते बसवत होते तेव्हा मामा खुर्चीत झोपला होता. गिऱ्हाइकाचं नाव मी विसरते. त्या दिवशी काय झालं ते नाही विसरत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वहीबिही काही न काढता त्याने नुसती खुर्ची जवळ ओढली. "बरं. 'डोकं दुखतंय'?"

"शाळेचे स्वेटर."

"'चप्पल तुटली'?"

"दवाखान्याचे डगले. खिशावरचं चिन्ह."

"'मावशी रडली'?"

"बेकरीचे ॲप्रन."

"मावशी का रडल्या?"

"ते घरचं," चिमटी म्हणाली.

तो हसला. हसला की त्याचे डोळे पूर्ण मिटायचे, लहान मुलासारखे, आणि मग उघडल्यावर पहिल्यांदा समोर काय आहे ते त्याला शोधावं लागायचं. हे तिने बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आधीच एक काळजी पोटात होती, तिला शेजारीण आली.

दोन दिवस हे असंच चाललं. तो विचारायचा, कामाचं की घरचं, ती सांगायची, फाइल उडी मारून जागेवर जायची. मधूनच तो म्हणायचा, तुमच्या फाइली वाचून मला मामांची झोप, मावशींचा स्वभाव आणि तुमच्या चपलांचा इतिहास पाठ झालाय. ती म्हणायची, मग परीक्षा घेऊ का. मावशी कापडाच्या ढिगामागून खाकरायची. फाइली कमी होत होत्या, आणि प्रत्येक फाइलबरोबर चिमटीचा जीव वरखाली होत होता.

कारण त्या ढिगात कुठेतरी तिची स्वतःची डिझाइनं होती.

कुणाच्या ऑर्डरची नव्हेत. कुणी मागितलेली नव्हेत. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची – पाण्याचा पाइप, त्यावर एक पाय वर घेऊन बसणारं कबूतर, दोरीवर वाळणारा एकच मोजा, गच्चीवरची तिरकी अँटेना. ती हेच बसवायची. टाका-टाका. दोन वर्षं. एक दिवस ही सगळी घेऊन पडदे-उशांच्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, मी डिझाइनवाली आहे, मला काम द्या – असं तिने मनाशी ठरवलं होतं. तो एक दिवस कधी येणार होता कुणास ठाऊक. आता तर पर्यायच नव्हता. बाईंकडे त्यांची डिझाइनवाली माणसं होती. शनिवारनंतर चिमटीच्या हातात तेवढंच उरणार होतं. आणि तेच बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलं, तर उद्या तिचं कबूतर बाईंच्या उशांवर गावभर फिरणार, आणि ही घरात बसून ते बघणार.

पण भरतकामाची फाइल ती भरतकामाची फाइल. 'घरचं' म्हणून कोण ऐकेल?

म्हणून तिने गुरुवारी सकाळी तो यायच्या आत एक शहाणपणा केला. सगळी डिझाइनं उचलली आणि 'आईचे एक्सरे' मध्ये टाकून दिली. दुसऱ्याच्या आईचे एक्सरे कोण उघडतंय.

फोल्डररावाने उघडले.

"कॉपी नीट होतेय ना, एवढंच बघत होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज अवघडलेला होता. "वाईट वाटून घेऊ नका, पण… तुमच्या आईच्या गुडघ्यात कबूतर बसलंय."

स्क्रीनवर तिचं कबूतर होतं, एक पाय वर, मान तिरकी. इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं.

"सुंदर आहे," तो हळूच म्हणाला. "पण हे लपवलं कशाला?"

"तुमच्यापासूनच लपवलं," ती तडकली. भीती वाटली की तिला रागच यायचा, लहानपणापासून. "माझी आहेत ती. माझी. ऑर्डर नाही, गिऱ्हाईक नाही. तुमच्या बाईंना कशाला हवीत?"

"मग तसं सांगायचं ना."

"सांगून विश्वास ठेवला असतात?"

"लपवल्यावर कसा ठेवू?"

मशीन थांबलेली होती, पंख्याने उडणारी दोऱ्यांची कसपटं दोघांच्या मधे तरंगत होती. तो म्हणाला, मी बाईंशी खोटं नाही बोलू शकत. ती म्हणाली, नका बोलू, जा, खरंच सांगा. आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तो गेला नाही. पाठीमागून त्याचा आवाज आला, कुणाला सांगतोय ते त्यालाच माहीत नसावं तसा. तो आधी एका कचेरीत कामाला होता. तिथेही कॉम्प्युटर एकच, कामाचं-घरचं सगळं त्यातच. त्याचे आजोबा शिट्टीवर गाणी वाजवायचे. आजारी पडले तेव्हा त्याने त्यांच्या शिट्ट्या रेकॉर्ड करून तिथेच कुठेतरी ठेवल्या होत्या. 'नवीन फोल्डर' अशाच एका नावाच्या फोल्डरमध्ये. नोकरी सोडताना कॉम्प्युटर स्वच्छ करून द्या म्हणाले. त्याने दिला. अगदी स्वच्छ.

"आजोबा गेल्यावर लक्षात आलं," तो म्हणाला. "तेव्हापासून मी असा आहे. दोन फोल्डरवाला. लोक हसतात."

चिमटी वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या जिभेला फक्त झोंबायची सवय. तिने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. गार होता. तरीही तो प्याला.

जाताना त्याने एक्सरेमधली सगळी डिझाइनं उचलून 'बघू'मध्ये ठेवली. ना इकडे, ना तिकडे. त्याने काय ठरवलं ते ना त्याने सांगितलं, ना तिने विचारलं.

*

शुक्रवारी जेवणं झाली तरी तो आला नाही.

चिमटी टॉवेलांची शेवटची फाइल करत होती आणि दर दोन मिनिटांनी जिन्याकडे कान लावत होती. सांगितलं असणार. आत्ता बाईंच्या समोर उभा राहून सांगत असणार, ती मुलगी चोरून नेत होती. की सांगितलंच नसेल, पण परत यायचीही इच्छा नसेल? यातलं कुठलं जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही हेच सगळ्यात वाईट वाटत होतं.

"येईल गं," मावशी म्हणाली.

"कोण?"

"पाणी. नळाला." मावशीने कात्री चालू ठेवली. "तुला कोण वाटलं?"

तो आला तेव्हा धापा टाकत होता. शर्ट तोच निळा. आल्या आल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, रात्रभर विचार करत होतो, ती डिझाइनं तुमचीच हे दाखवायची वाट सापडली. नाव काहीही द्या, कुठेही लपवा, पण फाइल कधी बनवली ती वेळ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. सगळं वेळेनुसार लावून बघायचं. आणि तिला काही कळायच्या आत त्याने सगळ्या फाइली एकत्र घेऊन बटण दाबलं.

सगळ्यात नवीन फाइली वर आल्या.

चिमटीला आठवलं, पण उशिरा. आतापर्यंत त्यांनी जुन्यापासून सुरुवात केली होती. या आठवड्याच्या फाइलींपर्यंत ते पोचलेच नव्हते. क्लबच्या टॉवेलांच्या फाइली. आणि सवय ती सवय.

'स्क्रूड्रायव्हर उलटा'.
'केसात दोरे'.
'हसला की डोळे मिटतात'.
'गार चहा प्याला'.
'आज नाही आला'.

तिने झडप घालून स्क्रीन बंद केला.

काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते. तिचा लालबुंद, त्याचा… तिला नीट दिसेना. पंखा फिरत होता. मावशीची कात्री थांबली होती, म्हणजे मावशी ऐकत होती.

"वाचून झालं माझं," तो म्हणाला.

"टॉवेल आहेत ते. क्लबचे. कामाचे."

"हो ना. मी कुठे काय म्हटलं." मग अगदी बारीक आवाजात, "चांगला असा एवढा एकच शर्ट आहे माझ्याकडे. या आठवड्यात रोज धुतोय."

चिमटीचे कान गरम झाले. तिला वाटलं आता हा हसेल, पण तो हसत नव्हता. त्याने नुसतं हात लांब करून स्क्रीन परत चालू केला आणि त्या पाच नावांवर न थांबता खाली खाली गेला. 'बघू'मधली डिझाइनं एकेक करून तपासू लागला. कबूतर. मोजा. अँटेना. पाइप. प्रत्येकाची वेळ बघत होता, आणि बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी चुकलंय. काहीतरी सापडलंय याला.

"ही सगळी जेवणाच्या सुट्टीतली आहेत," तो म्हणाला. "एकूण एक. कामाच्या वेळेतलं एकही नाही."

"मग? तेच म्हणतेय ना मी."

"ते नाही." तो तिच्याकडे वळला. "दोन वर्षं… तू जेवतेस कधी?"

तू.

दोघांनाही ते ऐकू आलं. तो गडबडला, तुम्ही म्हणायला गेला, आणि मग राहू दिलं. आणि चिमटी मशीनच्या सुयांकडे बघत बसली. हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. आईला वाटायचं ती दुकानात जेवते. मामाला वाटायचं बाहेर. डबा संध्याकाळी जिन्यात उभ्याने संपायचा.

"उद्या बाईंना हे सांगेन," तो म्हणाला. "खरं आहे तेच. पुढचं माझ्या हातात नाही."

*

शनिवारी बाई आल्या. बुटक्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कात्रीसारखं. खाली टेम्पो उभा होता. मशीनची पाच हेडं हमालांनी दोऱ्यांनी बांधून टाकली होती. चार नंबर तेवढा मोकळा होता, कारण मेकॅनिकने तो नुकताच दुरुस्त केलेला, जरा जपून बांधा म्हणून मामाने थांबवलं होतं.

फोल्डररावाने सगळं दाखवलं. 'काम' उघडून दाखवलं. बाई मान हलवत गेल्या. क्लबच्या टॉवेलांना आता 'पोहण्याचा क्लब' असं साधं सरळ नाव होतं. चिमटीने ते पाहिलं आणि तिच्या छातीत काहीतरी टोचलं. पुसलीच म्हणायची ती नावं. बरोबरच होतं. कामाचीच होती ना.

मग त्याने 'बघू' उघडला आणि जे होतं ते सांगितलं.

"सुट्टी हिची असेल," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटर कुणाचा? वीज कुणाची?"

"माझी," मामा मधेच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं पोरगी बाहेर जेवते. वीज मी तिला दिली असं समजा."

बाई चिमटीकडे वळल्या. "शिवून बघितलीस कधी?"

"नाही."

"दोन वर्षांत एकदाही नाही? मशीन तर समोर होती."

"कॉम्प्युटर सुट्टीत रिकामाच असायचा," चिमटी म्हणाली. "दोरा मात्र दुकानाचा होता."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, एक लाव. काय सोडून देतेय ते तरी मला बघू दे.

आता आली का पंचाईत. टाके गोळा झाले, कापड आकसलं, तर सगळ्यांसमोर नाक कापलं. आणि चांगलं आलं तर… चांगलं आलेलं कोण सोडतं? चिमटीने चार नंबरच्या फ्रेममध्ये पांढरं कापड ताणून बसवलं. फोल्डरराव शेजारी येऊन उभा राहिला. तिने बटण दाबलं.

पाइप आला. पंख आला. सुई खडखडत होती, एकटीच, आणि एरवी सहांचा आवाज असायचा त्या खोलीत तो एकटा आवाज फार उघडा वाटत होता. मान आली, तिरकी. आणि नेमकं डोळ्याशी खट्ट झालं. दोरा तुटला.

चिमटीने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. सुईचं भोक दिसेनाच, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला पुसायचं नव्हतं. तेवढ्यात सुईवर मोबाइलचा उजेड पडला. त्याचा हात तिच्या खांद्यावरून आला होता, आणि उजेड सुईवर ठरत नव्हता. तेवढ्याने तिला धीर आला. दोरा गेला.

कबुतराला डोळा आला. मग वर घेतलेला पाय. मशीन थांबली.

बाईंनी कापड काढलं, उलटं करून मागचे टाके बोटाने चाचपले, सुलटं केलं, खिडकीतून समोरच्या पाइपकडे पाहिलं, परत कापडाकडे. चिमटीला वाटलं, गेलं. कबूतर उडालं.

"मोह होतोय," बाई म्हणाल्या. त्यांनी कापड चिमटीच्या हातात ठेवलं. "घेऊन जा सगळी. विकायला काढशील तेव्हा पहिली माझ्याकडे ये, पैसे मोजून घेईन. आणि यापुढे जेवून मग कर. उपाशी माणसाचे टाके घट्ट पडतात, बघ, डोळ्याशी जरा ताणलंय."

त्या मामाशी बोलत जिना उतरल्या. हमाल चार नंबर बांधू लागले. मावशीला अचानक पाणी भरायचं आठवलं.

चिमटी तिथेच उभी होती, कापड छातीशी धरून. पोटातला गोळा विरघळलाय हे तिला कळत होतं, पण सवयीने ती अजून त्याला सांभाळून उभी होती.

फोल्डररावाने डिझाइनं 'घर'मध्ये टाकली, तिच्या पेनड्राइव्हवर घेतली, दोनदा उघडून तपासली. मग खाकरला.

"'बघू' अजून रिकामा नाही झाला."

तिने वाकून पाहिलं. आत पाच रिकामे फोल्डर होते. 'स्क्रूड्रायव्हर उलटा'. 'केसात दोरे'. 'हसला की डोळे मिटतात'. 'गार चहा प्याला'. 'आज नाही आला'. डिझाइनं कामात गेली होती. नावं त्याने ठेवून घेतली होती.

"यांचं मला ठरवता येईना," तो म्हणाला. स्क्रीनकडेच बघत होता. "कामाचं म्हणावं तर बाई हसतील. घरचं म्हणावं तर… ते तुझं तू सांगायचंस."

जिन्यात कुणीतरी टेम्पोत जागा किती उरली ते ओरडून विचारत होतं.

"पुसून टाक," चिमटी म्हणाली.

त्याचा हात माउसवरच थिजला. "नक्की?"

"नक्की."

त्याने पुसलं. कॉम्प्युटरनेही एकदा विचारलं, नक्की पुसायचं का, आणि त्याने बटण दाबलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की चिमटीला जास्त ताणवेना.

"आजोबांच्या शिट्टीसारखं नाही ते," ती म्हणाली. "मला पाठ आहेत. पाचही. सहावंपण आहे एक, ते मी अजून कुठे लिहिलं नाही."

"काय?"

"'मला तू म्हणाला.'"

त्याचे डोळे मिटले. आणि उघडल्यावर समोर काय आहे ते या वेळी त्याला शोधावं लागलं नाही.

"रविवारी घरी ये," चिमटी म्हणाली. आता परत तिचा तो झोंबरा सूर आला होता, पण आवाज काही साथ देईना. "आईला दाखवायचंय… म्हणजे आईचा गुडघा. कबूतर गेलं का बघ एकदा."

"मी कॉम्प्युटरवाला आहे. गुडघ्यातलं मला काय कळतंय?"

"मेकॅनिक नव्हतास तरी मशीनखाली गेलासच की."

त्याने कॉम्प्युटर बंद केला, वायरी काढल्या, गुंडाळल्या. खिडकीबाहेर पाइपवर खरं कबूतर येऊन बसलं होतं, दोन्ही पाय खाली. चिमटीने पिशवीतून डबा काढला. रिकाम्या टेबलावर, जिथे दोन वर्षं कीबोर्ड होता तिथे, तो उघडला, आणि झाकणात अर्धं वाढून त्याच्याकडे सरकवलं.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने परत वाजवला.

"बोलावतायत," तो म्हणाला, पण उठला नाही.

"वाजवू दे," चिमटी म्हणाली. तिच्या तोंडात घास होता. "जेवणाची सुट्टी आहे."